पाच मतं आणि एक पुसलेला नकाशा

लिंकन, नेब्रास्का
४ मार्च

तीर्थरूप लेलंडमामांना करीनचा नमस्कार.

अर्डिथमामींचा नवा गुडघा आता किती अंशांत वळतो? डॉक्टरांनी नव्वद सांगितले होते. आई फोनवर ‘बऱ्यापैकी’ म्हणाली, त्यावरून मला काहीच कळलं नाही. गाई विताहेत, तुमची झोप होत नसेल, म्हणून थोडक्यात लिहिणार होते. ते जमलेलं नाही.

तुम्ही मामींपाशी इस्पितळात होता, त्यामुळे परवा समितीच्या जाहीर सुनावणीत तुमची खुर्ची रिकामी होती. लोक मात्र तिच्याकडेच बघून बोलत होते. राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीतली आपल्या राज्याची पाचही मतं आतासारखी मतदारसंघांत न वाटता राज्यात जिंकेल त्याला एकगठ्ठा द्यायची, या विधेयकावरची चर्चा बंद करून ते मताला टाकायला तेहेतीस आमदार लागतात, बत्तीस तयार आहेत, आणि तेहेतिसावे तुम्ही शुक्रवारपर्यंत तोंड उघडणार नाही, हे आता पेट्रोल पंपावरच्या माणसालाही माहीत आहे. तुम्ही काय करावं हे मी सांगणार नाही. मी तटस्थ साक्षीदार म्हणून नाव दिलं होतं. (फॉर्मवर तीन चौकोन असतात: बाजूने, विरोधात, तटस्थ. जमीन मोजणी खात्यात काम करणाऱ्या माणसाला तिसराच शोभतो.)

बाबा बाजूने होते, आई विरोधात. दोघं एकाच गाडीने आले, कारण विधानभवनापाशी दोन गाड्यांना जागा मिळत नाही. प्रत्येकाला तीन मिनिटं, समोर हिरवा-पिवळा-लाल दिवा. बाबांनी हिरव्यातच मुद्दा मांडला: राज्य एक, फुटबॉलचा संघ एक, मग मतांचेच तुकडे का? “संघाचे गुण आपण जिल्ह्याजिल्ह्यांत वाटतो का?” बऱ्याच लोकांनी माना डोलावल्या. तासाभराने आईची पाळी आली. ती म्हणाली, “आधी ड्वेनला, माझ्या नवऱ्याला, उत्तर देते. गुण वाटले असते तर गेल्या हंगामात एखादा तरी जिल्हा जिंकला असता.” हशा झाला. समितीच्या अध्यक्षांनी ताकीद दिली. (बाबाही हसले. नंतर म्हणाले, खोकला होता.) मग ती शांतपणे म्हणाली, “ओमाहाचं एक मत वेगळं मोजतात, म्हणून दर चार वर्षांनी कोणीतरी माझं दार वाजवून विचारतं, बाई, तुमचं काय म्हणणं? ते काढून घेतलंत की माझ्या दारात फक्त पार्सलवाला येणार.” आणि लाल दिवा लागायच्या आत उठली. आई वेळेत थांबल्याचं मी प्रथमच पाहिलं.

तटस्थांना सगळ्यांत शेवटी बोलावतात, हे मला माहीत होतं. शेवट म्हणजे एकशे अठरावा नंबर, हे माहीत नव्हतं. मधल्या वेळात आम्ही तिघांनी तळघरातल्या उपाहारगृहात चिलीचं तिखट कालवण आणि दालचिनीचे रोल खाल्ले. रोल दोनच उरले होते. त्यांचे तीन भाग कसे करायचे यावर आईबाबांचं एका वाक्यात एकमत झालं: करीन मोजेल.

मी नकाशा नेला होता. दोन मतं राज्याची, तीन मतदारसंघांना एकेक, आणि ओमाहाचा मतदारसंघ म्हणजे राज्यातली तिसरा हिस्सा माणसं, पण जमीन दोन टक्क्यांहूनही कमी. तो मी अचूक प्रमाणात निळ्या शाईने रंगवला होता. अचूक काढल्यावर तो घशाच्या गोळीएवढा दिसतो. अध्यक्षांना तो डाग वाटला. त्यांनी रुमाल काढला, थोडं पाणी लावलं आणि ओमाहा पुसायला घेतलं. शाई नदीपलीकडच्या आयोवा राज्यात पसरली. शेजारचे आमदार म्हणाले, “राहू दे हो, आयोवालाच देऊन टाका!” मागून कोणीतरी ओरडलं, “हेच चाललंय तुमचं मघापासून!” माझ्या तीन मिनिटांतली दोन त्यात गेली. उरलेल्या एका मिनिटात मी नकाशाचं प्रमाण सांगितलं. कोणी प्रश्न विचारला नाही.

मला घरी सोडताना आई गाडी चालवत होती आणि बाबा तिला रस्ता सांगत होते. तो रस्ता सरळ आहे.

मामींना सांगा, व्यायाम रोज करा, दिवसाआड नको.

तुमची भाची,
करीन

ता.क. आईचा निरोप: शुक्रवारी काहीही कर लेलंड, पण वर्तमानपत्राच्या आधी मला फोन कर. बाबांचाही हाच निरोप आहे. दोघांनी तो वेगवेगळ्या खोल्यांतून दिला.

ता.क. २. मी ओमाहात खोली घेतली आहे. मतदारसंघाच्या रेषेच्या चारशे वीस फूट आत. (स्वतः मोजलं.) कचेरी इथेच लिंकनला राहील, म्हणजे रोज जाऊन-येऊन दोन तास. माझं नकाशाचं टेबल गाडीत मावत नाही. शनिवारी तुमचा गुरांचा ट्रेलर मिळेल का? शुक्रवारी तुम्ही विधेयकाला ‘हो’ म्हणालात तर नको, मग मी कुठेही राहून मत दिलं तरी सारखंच.

ता.क. ३. हा दबाव समजू नका. ट्रेलर धुऊन वाळायला एक दिवस लागतो, म्हणून आधी विचारलं.