जाऊबाईंच्या नाकासाठी घेतलेलं धुराडं

ती. जाऊबाईंना तळमजल्याकडून साष्टांग नमस्कार.

पाकीट पाहून तुम्ही भाऊजींना म्हणाल, चौदा पायऱ्या चढून यायला हिचे पाय दुखतात का? पाय ठीक आहेत. पण गेलं वर्षभर आपलं बोलणं नाही, आणि न बोलणाऱ्या माणसाच्या दारात जाऊन पहिलं वाक्य कोणतं बोलायचं हे मला कधीच सुचलेलं नाही. कागदावर निदान खोडता येतं. (वर एक ओळ खोडलेली दिसेल. उजेडात धरून वाचू नका.)

तुमची प्रकृती उत्तम असावी. असावी कशाला, आहेच; तुमची जमीन हे आमचं छत असल्यामुळे सगळी खबर लागते. सहाला उठता, सव्वासहाला बादली सरकते, सातला भाऊजींना पहिली हाक आणि सात वाजून दोन मिनिटांनी दुसरी, जरा वरच्या पट्टीतली. सोमवारपासून मात्र डावं पाऊल ओढल्यासारखं वाजतं आहे. गुडघ्याला शेक देत जा. भाऊजींच्या प्रकृतीची चौकशी मी करत नाही, कारण ते रोज पेपर आणायला म्हणून खाली येतात आणि आमच्याकडे एक कप घेऊन जातात. (पेपर तुमच्या दाराच्या कडीला अडकवलेला असतो, हे तुमच्या लक्षात आलं असेलच. त्यांना बोलू नका, त्या कपावर त्यांचा दिवस चालतो.)

आता मुद्द्याचं. मुद्दा धुराचा आहे, आणि तो तुमच्याइतका कोणाला ठाऊक नाही; तरी सगळं पहिल्यापासून सांगते, कारण तुम्ही ते वरून पाहिलंत आणि वरून फक्त टकलं दिसतात.

ह्यांचं ऑफिस बंद पडलं तेव्हा हे एक्कावन्न वर्षांचे होते. त्यानंतर आठ महिने ते स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसून होते. मी भाजी चिरायला घेतली की म्हणायचे, "उभी चिरली तर वेळ वाचतो." वेळ वाचवून काय करणार होते ते त्यांनाही माहीत नव्हतं. मग एक दिवस कुठून तरी कॉफी भाजायच्या मशीनची माहिती घेऊन आले, आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा मला शिट्टी ऐकू आली. तेव्हा दुकान चाललं पाहिजे हे मी त्या दिवशीच ठरवलं. दुकान बंद पडलं तर हे पुन्हा त्या खुर्चीत बसतील, आणि ती खुर्ची माझ्या स्वयंपाकघरात आहे. एवढं ध्यानात ठेवून पुढचं वाचा.

मशीन आलं. मोठं, काळं, आगगाडीच्या इंजिनासारखं. कंपनीच्या माहितीपत्रकात चोवीस पानं मशीनची होती आणि धूर कुठे सोडायचा याबद्दल शेवटच्या पानावर एकच वाक्य होतं: धुराची योग्य व्यवस्था ग्राहकाने करावी. ह्यांनी ते वाचलं, मान डोलावली आणि व्यवस्था म्हणून स्वयंपाकघरात लावतात तसला एक पंखा आणून दुकानाच्या दर्शनी भिंतीत बसवला. धूर वर जातो ही गोष्ट ह्यांना पंखा सुरू झाल्यावर समजली. वर तुमची खिडकी होती. पहिला घाणा निघायच्या आत तुम्ही बत्ता घेऊन जमिनीवर जो दणका दिलात, त्याने आमच्या दिव्याची शेड खाली आली. तुमचं चुकलं असं मी म्हणत नाही. मी तुमच्या जागी असते तर पाटा वापरला असता.

मग हे अभ्यासाला लागले. तुमच्या दिरांचा अभ्यास म्हणजे काय ते तुम्ही माझ्या लग्नाआधीपासून पाहिलेलं आहे. जेवणाच्या टेबलावर तेरा माहितीपत्रकं पसरली. ताट ठेवायला जागा उरली नाही तेव्हा आम्ही पत्रकांवरच ताटं ठेवली, त्यामुळे दोन पायपांच्या व्यासाला आमटी लागली आणि आकडे गेले. (पुढे घेतलेला पाइप एका बाजूला सैल बसला, त्यामागे ती आमटी आहे असा माझा संशय आहे.) एक विक्रेताही येऊन गेला. टाय, चकचकीत बूट, आणि वहीत एका हसऱ्या कुटुंबाचा फोटो. आई, बाप आणि दोन मुलं एका पायपाकडे बघून आनंदाने हसतायत. खुर्चीत बसल्या बसल्या त्याने विचारलं, "वहिनी, तुम्हाला धूर घालवायचाय, की धुराचं व्यवस्थापन करायचंय?" मी म्हटलं, मला वरच्या जाऊबाईंचं व्यवस्थापन करायचंय, त्याचं काही आहे का तुमच्याकडे? तो वही चाळत राहिला. खरंच चाळत राहिला हो.

त्याला वाटेला लावून ह्यांनी साधा पत्र्याचा पाइप आणला आणि स्वतःच बसवला. तो पाइप तुम्ही विसरला नसाल. मशीनपासून निघाला, तुमच्या बेडरूमची खिडकी आली म्हणून डावीकडे वळला, कपड्यांची दोरी आली म्हणून उजवीकडे, भाऊजींची वाचायची जागा आली म्हणून पुन्हा डावीकडे, मग तुमच्या कुंड्यांना नको म्हणून थोडा खाली (धुराला खाली!), आणि शेवटी शेजारच्या शिंप्याने हरकत घेतली म्हणून मागे. पाच वळणं. सगळ्यांचा मान राखणारा असा नम्र पाइप मी तरी पाहिला नाही. फक्त आत शिरलेल्या धुराला पुढे जावं असं कुठेच वाटेना. प्रत्येक वळणावर तो थांबायचा, गार व्हायचा आणि सांध्यांतून तपकिरी, चिकट थेंब होऊन ठिबकायचा. ह्यांनी सांध्यांना चिकटपट्टी गुंडाळली. ती वितळली. वितळलेल्या पट्टीवर ह्यांनी दुसरी पट्टी गुंडाळली, आणि मला म्हणाले, "आता बघ." मी बघितलं. तुम्हीही बघितलंत, कारण तुमची पांढरी चादर त्याच दोरीवर होती.

त्यावर टोक म्हणजे ती जाळी. पाइपात पाखरं शिरू नयेत म्हणून ह्यांनी वरच्या तोंडाला बारीक जाळी लावली. पाखरं शिरली नाहीत. पण कॉफी भाजताना दाण्यांची फोलपटं सुटतात, कांद्याच्या सालीपेक्षा पातळ, ती धुराबरोबर उडत वर गेली आणि जाळीवर गादीसारखी बसली. चौथ्या दिवशी पाइपचं तोंड बंद. आणि नेमक्या त्याच सकाळी तुमच्या तक्रारीवरून आरोग्य खात्याचे साहेब पाहणीला आले. (तक्रारीचं अक्षर फार सुंदर होतं. साहेबांनी स्वतः आम्हाला दाखवलं आणि म्हणाले, "अशी काना-मात्रा आजकाल बघायला मिळत नाही.") हे त्यांना सांगत होते की आमच्या पद्धतीत धूर दुकानात राहतच नाही, आणि सांगता सांगता हे दिसेनासे झाले. साहेबही दिसेनासे झाले. धुरातून फक्त खोकला येत होता, आणि त्यातला कोणता खोकला सरकारी हे कळायला मार्ग नव्हता. साहेब बाहेर आले ते नोटीस लिहीतच: महिन्यात धुराची सोय करा, नाहीतर टाळं.

त्या दिवशी हे दुकानातून आले आणि सरळ जाऊन त्या खुर्चीत बसले. दुसऱ्या दिवशी भाजी चिरताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी चाकू ठेवून पत्र्याचं काम करणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे गेले.

तो आला. मोजपट्टी नाही, वही नाही, टाय तर नाहीच. कमरेवर हात ठेवून त्या पाच वळणांखालून एक फेरी मारून आला आणि म्हणाला, "हे कोणी केलं?"

"मी," हे म्हणाले.

"मग ठीक. पैसे देऊन करवून घेतलं असतं तर वाईट वाटलं असतं." मग म्हणाला, "साहेब, धुराला जायचंय कुठं?"

"वर."

"मग त्याला गावभर कशाला फिरवताय?"

एवढंच. तेरा माहितीपत्रकांत हे नव्हतं. त्याने दुपदरी स्टीलचा पाइप आणला, सांध्यांना घट्ट कड्या, आणि मागच्या भिंतीवरून एकही वळण न घेता तो सरळ गच्चीच्या वर दीड पुरुष नेला. तोंडाला जाळी नाही, उघडता येणारी टोपी. खाली एक छोटं दार, आठवड्याला फोलपटं काढायला. साहेब आले, नाक वर करून दोनदा हुंगलं, तुमच्या जिन्यात जाऊन हुंगलं, आणि सही करून गेले. तीन आठवडे झाले. तुमच्या घरात धुराचा कणही येत नाही. आम्ही जिंकलो, जाऊबाई, आणि त्या दिवसापासून आमची कॉफी बिघडली.

थट्टा करत नाही. पहिला घाणा कच्चा निघाला, हिरवट, चण्याच्या पिठासारखा वास. दुसरा कोळसा. हे मशीनला दोष देत होते, हवेला, दाण्यांना, मला. वसतिगृहाच्या भटारखान्याच्या बाई, आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक, त्यांनी दोन पोती परत पाठवली आणि वर निरोप: आधी कॉफी होती, आता काढा आहे, पूर्वीसारखी द्या, नाहीतर एक तारखेपासून दुसरीकडून घेते. त्या गेल्या तर दुकान गेलं, हे सांगायला हिशेब करावा लागत नाही.

शेवटी परवा मी ह्यांची भाजणीची वही उघडली. वर्षभर हे प्रत्येक घाण्याची नोंद करतात. तापमानाचा रकाना, मिनिटांचा रकाना, रंगाचा रकाना. मोठ्या शास्त्रज्ञाच्या थाटात. आणि शेवटी एक अरुंद रकाना, वर फक्त "ठो." असं लिहिलेलं. मी पानं उलटत गेले. तापमान रोज वेगळं, मिनिटं रोज वेगळी, पण "ठो." च्या रकान्यात प्रत्येक दिवशी टीक होती, आणि जिथे टीक तिथे पुढे शेरा: उत्तम. एका जागी दोन टिका, शेरा: गडद भाजणी, भटारखान्याच्या बाई खूश. तीन आठवड्यांपासून तो रकाना कोरा आहे.

ठो. म्हणजे ठोका. तुमचा बत्ता होता तो, जाऊबाई. धूर तुमच्या नाकाला झोंबायचा, तुम्ही दणका द्यायचात, आणि हे तेवढ्यात मशीनचं दार उघडून दाणे बाहेर काढायचे. एक दणका म्हणजे साधी, दोन दणके म्हणजे गडद, आणि दोन दणक्यांवर एक शिवी म्हणजे हॉटेलांना पाठवतात ती. मी विचारलं तर म्हणतात, "योगायोग आहे." वर्षभर रोज घडणाऱ्या गोष्टीला हे योगायोग म्हणतात आणि आठवड्यात दोनदा बिघडणाऱ्या गोष्टीला पद्धत. सासूबाई म्हणायच्या की दूध उतू जायच्या आधी थोरलीला कळतं. मला वाटायचं, धाकटीला टोमणा आहे. टोमणा तर होताच, पण खरंही होतं.

असो. बाकी क्षेम. भाऊजींना नमस्कार सांगायची गरज नाही, सकाळी समक्ष करते.

तुमची,
धाकटी जाऊ

ता. क. हे पत्र नुसतं खुशालीचं नाही, हे तुम्ही दुसऱ्या ओळीतच ओळखलं असेल. रोज सकाळी दहाला खाली येऊन मशीनजवळ बसाल का? खुर्ची देते. (ती खुर्चीच देते, माझ्या स्वयंपाकघरातून तिचं उच्चाटन होईल.)

ता. क. दुसरा. खाली येणं मानाला जड वाटत असेल तर पत्र्याच्या कारागिराकडे दुसरा उपाय आहे. तो म्हणतो, मुख्य पायपातून एक बारीक फाटा काढून झडप लावून तुमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी सोडता येईल. म्हणजे धूर तुमच्याकडे येणार, पण ठरल्या वेळी आणि फक्त तुमच्यापुरता. मी हे सुचवलं तेव्हा त्याने हातातला पत्रा खाली ठेवला. मग म्हणाला, "बाई, तुम्हीच ठरवा एकदा."

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवणार तेवढ्यात भाऊजी पेपर आणायला आले. (पेपर त्यांच्या बगलेत होता.) पत्राची कल्पना दिली तर कप खाली ठेवून म्हणाले, "तिला खिडकीत धूर कशाला देता? ती रोज दहाला गच्चीवर असते. कपडे वाळत घालायला म्हणून जाते आणि त्या पायपाच्या तोंडाखाली उभी राहते. वेळ झाली की पाय आपटते. वरून आमच्याच छतावर." मी विचारलं, आम्हाला का नाही सांगितलंत? म्हणाले, "तुमचं बोलणं नाही ना."

तेव्हा फाटा नको, खुर्ची नको. वरचं सगळं वाचलं नाहीत तरी चालेल. उद्या दहाला मी गच्चीवर येते. बोलायचं नसेल तर बोलू नका, पण पाय आपटा, उजवा, डावा दुखतोय. खाली ओरडून सांगायला मी आहे.