बाबांच्या खांद्यावरचे तारे

रविवार संध्याकाळ, नवीन पनवेल

मंडळाने चौकात बाबांच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावलाय. चेहरा बाबांचा, पण खाली कुणा ऑफिसरचा गणवेश चिकटवलाय. खांद्यावर तारे! बाबा सैन्यातून हवालदार म्हणून रिटायर झाले. बाहीवरच्या तीन फितींचा केवढा अभिमान होता त्यांना. कुणी 'कॅप्टन' म्हटलं की लगेच सांगायचे, "हवालदार म्हणा, कमावलंय ते."

आई फ्लेक्स बघून म्हणाली, "हा कोण गं? माझा नवरा कुठाय?"

अध्यक्षांना फोन केला तर म्हणे, "ताई, तारे शोभतात की!"

शोभतात? आणि दरवर्षी विसर्जनाला तलावात कमरेइतक्या पाण्यात दोर धरून, पोरांना अडवत उभा राहणारा माणूस? तो नाही शोभत?

दोराचं दुसरं टोक धरणारे नामाकाका दुपारी आले होते. म्हणाले, "फोटोचं र्‍हाऊ दे गो पोरी. यंदा दोर कोन धरनार?"

"मी," म्हटलं. तोंडातून निघूनच गेलं.

आई म्हणाली, "तुला पोहता कुठे येतं?"

नाही येत. उद्या आधी ते तारे उतरवते, मग पोहण्याच्या क्लासला नाव घालते. गणपतीला अजून वेळ आहे.