डीपीखालची राखण

बाबा, वादळानंतरच्या पहिल्या डोंग्यातून काय आलं ते आधी लिहिते: तारेचं वेटोळं, मीठ, दुप्पट भावाच्या मेणबत्त्या आणि तुमची नात. तिचं भाडं डोंगेवाल्याने घेतलं नाही. म्हणाला, लाईनवालीकडून पैसे घेतले तर गाव मलेच बुडवून टाकील. समुद्रावरचं चक्रीवादळ एवढ्या आत येईल असं कोणाला वाटलं होतं? इटियाडोह धरणाच्या पाण्यात आमचा टोला, ही एवढीशी वस्ती, पावसाळ्यात बेटच होतो, तुम्ही पाहिलेलं आहे. यंदा त्या बेटावरचे निम्मे खांब आडवे झाले. ते गावकऱ्यांनी उभे केले, आणि तार जोडायचं काम तुमच्या नातीकडे आलं.

तुम्ही लाईनमन होता तेव्हा खांबावर चढण्याआधी डीपीतले, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या पेटीतले, फ्यूज काढून थैलीत टाकायचात आणि मला डीपीखाली बसवायचात. लोक घाईचे. मोटार सुरू व्हावी म्हणून फ्यूजच्या जागी तारेचा तुकडा खोचून मोकळे होणारे. सालेकशाकडच्या एका गावात मी उन्हाला कंटाळून मोहाच्या सावलीत सरकले. डीपी नजरेसमोरच होती, तरी तुम्ही उतरून म्हणालात, "बाई, तुले तिथं बसवलं होतं का मी?" मारलं नाही. पण घरी येईपर्यंत बोलला नाहीत, आणि ते मला माराहून जड गेलं.

परवा नातीने मला तसंच बसवलं. फ्यूज तिच्या कमरेच्या थैलीत. मी जपमाळ घेऊन बसले आहे, समोर चक्कीवाला उभा आहे, हातात तारेचा तुकडा. गावाचं पीठ संपत आलेलं, त्याची चक्की बंद.

"काकू, डीपीची पूजा मांडून राहिली का?"

"नारळ आण, मग मांडतो."

"पोरीले सांग ना, लवकर कर म्हणून."

"तूच चढ वर आणि सांग."

तेवढ्यात पलीकडून जनरेटरचा आवाज सुरू झाला. आमच्या चुलत दिराने तो दुसऱ्या डोंग्यातून आणला होता, दम्याच्या चुलत सासूबाईंना वाफेचं मशीन लावायला. चुकून आलेली वीज जमिनीत उतरवणारी अर्थिंगची साखळी पोरीने टाकली होती ती तुटक्या तारेच्या अलीकडे; दिराचं घर पलीकडे. त्याने जनरेटरची पिन घरातल्या बोर्डात खोचली असली, तर वीज उलटी चढून तिच्या हाताशी येणार. हाका मारल्या, त्या आवाजात कुठे ऐकू जातात? आणि मी उठले तर हा चक्कीवाला इथे मोकळा.

मी त्याच्याच हाताला धरून त्याला डीपीखाली बसवलं. म्हटलं, "माझी पोरगी वर आहे. मी येईपर्यंत इथून हलायचं नाही." आणि धावले.

पिन बोर्डातच होती. मी ती उपसून काढली. दीर अंगावर आला, "वहिनी, काऊन बंद केलं? मायचा दम अडकून राहिला."

"पोरगी खांबावर आहे, भाऊजी."

"फ्यूज तर काढले ना तिनं?"

"ते तिकडचे. तुमची वीज इकडून तारेत चढून राहिली."

त्याने मशीन सरळ जनरेटरलाच लावलं, सासूबाईंना वाफ मिळाली. त्यांचा श्वास मोकळा होईपर्यंत मी खांबाकडे पाहिलं नाही. पाहवेना. मग पाहिलं, तर पोरगी पट्ट्यावर रेलून हातमोजे चढवत होती, तार अजून धरायची होती.

परतले तेव्हा चक्कीवाला मांडी घालून तिथेच. तारेचा तुकडा त्याने दूर पाण्यात फेकून दिला होता. म्हणाला, "काकू, भेव वाटला मले. माह्याच हाताचा."

संध्याकाळी टोल्यात दिवे लागले. जेवताना पोरगी म्हणाली, "आई, त्यालेच बसवलं तू? तिथून उठायचंच नव्हतं." मी भाकरी वाढली. तिचा राग अजून गेलेला नाही आणि तिचं खोटंही नाही.

एक कोणाला सांगितलं नाही. धावताना माझ्या तोंडी देवाचं नाव आलंच नाही. हे काम घरात आणलं म्हणून तुम्हालाच बोल लावत होते. तुम्ही तर गेलात, हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकणार? तरी उलट टपाली कळवा, बाबा, मी उठले ते चुकलं का.