टाकीमागचं निळं दार

सोमवार, ३
ताईने ही वही देताना बजावलंय, रोज चार ओळी लिही, म्हणजे एका जागी बूड टेकायची सवय लागेल. तिच्या मते माझ्या पायाला भिंगरी आहे. खोटं कशाला बोलू, आहेच. दोन वर्षांत तीन नोकऱ्या सोडल्या. चौथीसाठी इतक्या लांब आलोय की आईला या गावाचं नावही धड घेता येत नाही.
खोली झकास मिळाली. दुसरा मजला, लाकडी जिना, बावीस पायऱ्या. सामान वर नेताना मोजल्या, कारण सामानात ताईने दिलेली लोखंडी पेटी होती. खिडकीतून गल्लीचं तोंड आणि कोपऱ्यावरचा विजेचा खांब दिसतो. खाट कुरकुरते, पण मीही झोपेत बडबडतो, तेव्हा फिट्टंफाट. मालकीणबाई तळमजल्यावर राहतात. त्यांनी पाच मिनिटांत अकरा नियम सांगितले. त्यातला बाराव्या पायरीवर जपून पाय टाकायचा नियम तेवढा माझ्या लक्षात राहिला.

मंगळवार, ४
ऑफिस म्हणजे एक लांबट खोली, सात टेबलं आणि एक पंखा. तो पंखा फक्त साहेबांकडे बघून फिरतो. आमचं काम म्हणजे रुग्णवाहिकांचा नकाशा सांभाळणं. गावातलं प्रत्येक घर म्हणजे डेटाबेसमधली एक ओळ. त्या ओळीत फोन नंबर, वस्ती आणि शेवटी दोन आकडे, अक्षांश आणि रेखांश. घरातून फोन आला की त्या दोन आकड्यांवर गाडी जाते. मी नववीत दोनदा आपटलेला माणूस. हे सगळं मोबाइलवर बघून बघून शिकलो. साहेबांना म्हणे डिग्री नको होती, चिकाटी हवी होती. ताईला हे सांगितलं तर हसून हसून तिची मुरकुंडी वळेल.
मला शिकवायला नकाशेकाका आहेत. एकोणीस वर्षं हेच काम करतात. त्यांनी पहिल्याच दिवशी मला पिटाळलं की जा, तुझ्या गल्लीच्या कोपऱ्यावर उभा राहून मोबाइलवर आकडे घे आणि इथे येऊन भर. मी भरले. माझा पहिला ठिपका थेट समुद्रात पडला. आकडे उलटे भरले होते, आधीचा नंतर आणि नंतरचा आधी. सगळं ऑफिस खिदळलं. फोनवाली ताई म्हणाली, तुझी मालकीण मासोळी आहे का रे? मी म्हटलं, नाही, पण रागावली की डोळे तसेच होतात.
आकडे उलटवले तसा ठिपका बरोबर खांबापाशी येऊन बसला. काका म्हणाले, शेवटचा आकडा एकाने बदलला की ठिपका चार बोटं सरकतो. इतकं नेमकं काम आहे हे. फक्त एक ध्यानात ठेव, ठिपक्याला मजला नसतो. तळघर असो की गच्ची, त्याला सगळं सारखंच.

गुरुवार, ६
उलटे ठिपके शोधायची क्वेरी, म्हणजे डेटाबेसला द्यायचा हुकूम, आज मी स्वतः लिहिली. गावाच्या हद्दीबाहेर पडलेल्या ओळी गोळा करायच्या, आकडे फिरवायचे आणि ठिपका हद्दीत येतो का बघायचं. काकांनी ती त्यांच्या लॉगिनने चालवली आणि तीनशे सहा घरं एकदम समुद्रातून बाहेर आली. काकांनी पाठीवर थाप मारली. एवढं बरं मला कुठल्याच नोकरीत वाटलं नव्हतं.
आता उरली लाल यादी. त्यात चारशे बारा ओळी, आकड्यांचा रकाना रिकामा. या घरांना नंबर नाहीत, गल्ल्यांना नावं नाहीत. प्रत्येकाला फोन करून खाणाखुणा विचारायच्या, नकाशावर घर शोधायचं आणि मग भरायचं. साहेब म्हणाले, यादी शून्य झाली की तुला कायम करतो.
काकांनी एकच गोष्ट तीनदा सांगितली. जागा माहीत नसेल तर रिकामी ठेव. रिकामी असली की फोनवालीपुढे घंटी वाजते, ती शेजारीपाजारी विचारते, जुनं रजिस्टर काढते, काहीतरी करते. खोटी भरलीस तर घंटी वाजत नाही. गाडी गुपचूप खोट्या जागी जाते.

मंगळवार, ११
फोन करून करून कानाला फोड यायची वेळ आली. कुणी उचलत नाही. उचललं तर विचारतात, कर्ज द्यायला फोन केलाय का? दोन दिवसांत नऊ घरं झाली, तीही अर्धवट. नक्की कळेपर्यंत काका ती यादीतून काढू देत नाहीत.
दुपारी एक शिवणकाम करणाऱ्या बाई भेटल्या फोनवर. मी मावशी म्हटलं तर खूश झाल्या. घरात एकट्याच असतात आणि दम्याचा त्रास आहे. बोलताना मध्येच थांबायच्या, नुसती शिट्टीसारखी हवा ऐकू यायची, मग पुढचा शब्द. म्हणाल्या, बाळा, नीट लिहून घे हो. दम लागला की मला तोंडातून शब्द काढता येत नाही, तेव्हा पत्ता विचारून उपयोग नाही. जिन्याच्या एकेका पायरीला मी एकदा बसते. म्हटलं, सांगा. मी चिठ्ठीवर लिहिलं: निळं दार, पाण्याच्या टाकीच्या मागे, जिना बाहेरून. पुढेही बरंच सांगत होत्या, पण तेवढ्यात चहा आला आणि मी नुसतं हं हं केलं. शेवटी विचारलं, लिहिलंस ना? म्हटलं, लिहिलं. म्हणाल्या, चिठ्ठी चांगल्या खिशात ठेव, एकट्या पोरांचे खिसे फाटके असतात, शर्ट घेऊन ये, टाके घालून देते.
खरंच, खिसा फाटकाच होता. हसलो आणि त्यातच ठेवली.

शुक्रवार, १४
नऊ घरं काकांनी पक्की केली, मावशींचं त्यात नाही. यादीत अजून चारशे तीन.
साहेबांनी सकाळी सगळ्यांसमोर विचारलं, सोमवारी वरचे लोक बघायला येतायत, तोवर शून्य होईल ना? मी म्हटलं, होईल. का म्हटलं कोण जाणे.
माझ्या लॉगिनने एका वेळी एकच ओळ बदलता येते. काका डोळ्यांच्या डॉक्टरांकडे लवकर गेले. त्यांचं मशीन उघडंच ठेवून गेले, माझं काम अडू नये म्हणून. चार वाजून वीस मिनिटांनी मी त्यांच्या मशीनवर एक क्वेरी मारली. जिथे जिथे रिकामं तिथे एकच ठिपका. कुठला टाकू? पाठ होता तो एकच, माझा पहिला, गल्लीच्या कोपऱ्यावरच्या खांबाचा. एका सेकंदात यादी शून्य.
साहेबांनी टाळ्या वाजवायला लावल्या. सोमवारनंतर एकेक ओळ बरोबर करून टाकणार आहे. चिठ्ठी खिशातच आहे.

रविवार, १६
संध्याकाळचे पाच वाजलेत.
तीन वाजून दहा मिनिटांनी कोपऱ्यावर भोंगा वाजला. खिडकीतून बघितलं तर रुग्णवाहिका अगदी खांबापाशी. चालक उतरला, इकडेतिकडे बघू लागला. मालकीणबाई बाहेर गेल्या. तो विचारत होता, पेशंट कुठाय, बाई फोनवर नुसती श्वास घेत होती. मालकीणबाई म्हणाल्या, इथून कुणीही फोन केला नाही.
मला लगेच कळलं कोणती बाई. चिठ्ठी खिशात होती. टाकी इथून दहा मिनिटांवर आहे. नुसतं खिडकीतून ओरडलो असतो, अहो, टाकीच्या मागे, निळं दार, तरी चाललं असतं. पण मग तो विचारणार, तुला कसं ठाऊक?
मी पडद्यामागे उभा राहिलो. चार मिनिटं गाडी उभी होती, मी घड्याळ बघत होतो. मग गेली.

सोमवार, १७
मावशी गेल्या. काल संध्याकाळी शेजारणीने बघितलं तेव्हा फोन हातातच होता.
कोणता बदल कुणी केला त्या लॉगमध्ये काकांचं नाव निघालं. साहेबांनी सगळ्यांसमोर त्यांचे वाभाडे काढले. काकांच्या एका डोळ्यावर पट्टी होती. दुसऱ्या डोळ्याने त्यांनी माझ्याकडे एकदाच बघितलं आणि म्हणाले, माझ्या नावाने झालं म्हणजे मीच केलं. त्यांना माहीत आहे. नक्की माहीत आहे. शुक्रवारी चार वाजता चौकशी आहे, तोवर त्यांना घरी बसवलंय. फोनवाली ताई रडत होती, घंटीच वाजली नाही हो, वाजली असती तर मी काहीतरी केलं असतं, असं पुन्हा पुन्हा म्हणत होती.
मी पाणी प्यायला उठलो आणि परत येऊन बसलो.
खोटे ठिपके पुसायचं काम साहेबांनी मलाच दिलं. सगळे रिकामे केले. चारशे दोन रिकामे झाले. एक होत नाही. मावशींची ओळ. पुसली की जाते, ओळ पुन्हा उघडली की आकडे तिथेच.

मंगळवार, १८
आकडे तिथेच नाहीत.
शेवटचे तीन आकडे बदललेत. नकाशावर बघितलं, ठिपका खांबापासून सरकून आमच्या फाटकात आलाय. बदल कुणी केला त्या रकान्यात काही नाही. वेळ ३:१०.
कुणाला दाखवू? दाखवलं तर विचारतील, ठिपका तुझ्याच घराकडे का येतोय, आणि तो खांबाचा पहिला ठिपका कुणाचा?

बुधवार, १९
पुन्हा पुसलं. आज ठिपका घराच्या आत. जिन्यावर.
घरी आलो तर मालकीणबाई चिडलेल्या. म्हणाल्या, तुझी आई आली होती का रे दुपारी? बरं नव्हतं वाटतं तिला, खालच्या पायरीवर बसून होती, छातीतून शिट्टी वाजत होती. मी पाणी आणायला आत गेले तेवढ्यात नाहीशी झाली. आजारी बाईला असं एकटं फिरवतात का?
माझी आई इथून दोन दिवसांच्या वाटेवर आहे.
मालकीणबाईंना मी म्हटलं, हो, आई होती. आणखी एक खोटं.

गुरुवार, २०
सकाळी शर्ट घातला. खिसा शिवलेला. निळ्या दोऱ्याने, बारीक, एकसारखे टाके, तळाचं भोक बुजवलंय आणि तोंडही बंद केलंय. आत चिठ्ठी. हाताला लागते.
कामावर गेलो नाही. मोबाइलवर ओळ उघडून बसलो. ३:१० ला आकडे बदलले. चार बोटं. मग थांबले. मग चार बोटं.
ठिपक्याला मजला नसतो. मावशी कितव्या पायरीवर आहेत ते नकाशा सांगत नाही. ऐकावं लागतं—
एक पायरी. मग बसणं. शिट्टी. बराच वेळ शिट्टी. मग एक पायरी.
बाराव्या पायरीवर लाकूड करकरलं. मग आवाज बंद.
वाटलं पळावं. तीनदा पळालोय आजवर, चौथ्यांदा काय जड आहे? पेटी भरली. पण खाली जायचा जिना तोच.
काकांना फोन लावला. त्यांनी उचलला. ते म्हणाले, बाळा, जेवलास का? मी ठेवून दिला.

शुक्रवार, २१
दुपारचे तीन. चारला चौकशी. कागद समोर घेतलाय, पण हात या वहीकडेच जातो, तर इथेच लिहितो. साहेबांनी हेच पान फाडून घ्यावं.
क्वेरी मी मारली. काकांनी नाही. त्यांचं मशीन उघडं होतं, त्यांचा माझ्यावर विश्वास होता म्हणून. चिठ्ठी माझ्या खिशात होती. गाडी खिडकीखाली होती. मी गप्प राहिलो. ताई, तू हे वाचशील तेव्हा—
३:१०.
करकर. बारावी.
तेरा— शिट्टी—
खिसा उसवला. दोरा दाताने तोडला. चिठ्ठीवर तीनच गोष्टी. निळं दार, टाकीच्या मागे, जिना बाहेरून. ओळीत भरतो. भरत नाहीये. अपुरा पत्ता म्हणतंय. पुढचं काय होतं— त्या सांगत होत्या, मी हं हं करत होतो—
अठरा.
एकवीस. दाराशी बसल्यात. दाराखालून हवा आत येते, बाहेर जाते.
बावीस.
आकडे आता माझ्या खाटेचे.
मागून विचारतायत, लिहिलंस ना?
नाही, मावशी. नव्हतं लिहिलं. खोटं बोललो. सांगा आता. सांगा, लिहितो, सगळं लिहितो—
जिना चढलं की उजवीकडचं दार. कडी लावत नाही मी. ढकललं की डाव्या हाताला शिलाई मशीन. मशीनच्या मागे, भिंतीला टेकून मी बसलेली असेन, बोलता येणार नाही मला, तेव्हा हाक मारू नकोस बाळा, सरळ आत ये आणि आधी माझा दम्याचा पंप माझ्या