मॅन्युअलं फक्त माझ्याकडे

सोमवार, ३ एप्रिल
साहेबांनी मीटिंगमध्ये जाहीर केलं, आपल्या जुन्या कॉम्प्युटरची सगळी मॅन्युअलं स्कॅन करून पीडीएफ करायची. सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. साहजिक आहे. मॅन्युअलं फक्त माझ्याकडे आहेत. अकरा जाडजूड रिंग फायली, माझ्या कपाटात, कुलपात. मशीन बनवणाऱ्या कंपनीने गाशा गुंडाळून वीस वर्षं झाली. पंपांच्या सुट्या भागांचं एवढं अवाढव्य गोदाम, कुठला बोल्ट कुठल्या रॅकवर हे फक्त मशीनला ठाऊक, आणि मशीनची भाषा फक्त मला.
३० जूनला मी रिटायर. नवी सिस्टिम यायला अजून वर्ष. म्हणजे मला वर्षाची मुदतवाढ मिळणार, हे शेंबडं पोरही सांगेल. मिळायलाच हवी. मी काही घरी बसणारा माणूस नाही. घरी बसून करू काय?
संकल्प: फायली हातातून सोडायच्या नाहीत.

मंगळवार, ४ एप्रिल
बायको म्हणते, देऊन टाका की. ती मशीनला ‘तुमची थोरली’ म्हणते. मी समजावलं, हुकमाचा एक्का कुणी पहिल्याच हाताला टाकतं का? तर म्हणाली, तुम्ही पत्त्यांतसुद्धा तो धरून ठेवता आणि हरता. असो. तिला ऑफिसातलं राजकारण कळत नाही.

गुरुवार, ६ एप्रिल
तोडगा सापडला. स्कॅनिंग मीच करणार. कागद जुने आहेत, दुसऱ्या कुणाचा हात लागला तर फाटतील, हे साहेबांना पटवलं. एकूण पानं तीन हजार चारशे. रोज सहा. म्हणजे आरामात दोन वर्षं. साहेब स्वतः हात जोडून मुदतवाढ देतील.
कोरी पानंही स्कॅन करतोय. त्यांवर छापलंय, हे पान मुद्दाम कोरं ठेवलं आहे. त्यांनी मुद्दाम ठेवलंय, तर आपणही मुद्दाम स्कॅन करायला नको?

सोमवार, १७ एप्रिल
आमच्या सेक्शनची मुलगी, तीन वर्षं माझ्या हाताखाली आहे. मी तिला शिष्या म्हणतो. ती म्हणाली, सर, नुसते पानांचे फोटो काय कामाचे, त्यात शब्द शोधता आला पाहिजे. माझी दहा पानं घेऊन सॉफ्टवेअरकडून वाचवून घेतली. सगळ्या शून्यांचे ओ झाले आणि सगळ्या एकांचे एल. हसून हसून पोट दुखलं. थोरलीला शून्याच्या जागी ओ दिला तर ती ढिम्म हलत नाही. (हे बायकोचं मीही म्हणायला लागलो की काय!) सिद्ध झालं, कागद तो कागदच.
शिष्येला पटलं असावं, पानं परत आणून दिली. गुणी मुलगी. माझ्यानंतर तिच्यासाठी साहेबांकडे शब्द टाकणार आहे. दोन वर्षांनी.

मंगळवार, २ मे
दगा!
शिष्या नाचतच आली. सर, तुमचे कष्ट वाचले! जगाच्या कुठल्याशा कोपऱ्यात म्हणे जुन्या कॉम्प्युटरवेड्यांचा क्लब आहे. त्यातल्या एका रिटायर्ड गृहस्थाने अकराच्या अकरा मॅन्युअलं नेटवर टाकलीत. फुकट. पीडीएफ वेगळं, टाइप केलेला मजकूर वेगळा. अनुक्रमणिकेवर क्लिक केलं की पान उघडतं. शून्याच्या जागी शून्यच. अक्षर न् अक्षर त्याने हाताने तपासलंय म्हणे. रिकामटेकडा कुठला.
साहेब खूश. माझा स्कॅनर तासाभरात पर्चेसवाले उचलून घेऊन गेले. तेव्हा मी शहाऐंशीव्या पानावर होतो, आणि त्यातली नऊ कोरी.
बोटाला धरून जिला शिकवलं, तिने केसाने गळा कापला. वर विचारते, सर, चहा मागवू का? बायकोला सांगितलं तर म्हणाली, मुलगी चांगली आहे हो, तुमचा विचार करते. घरातही फितुरी.

बुधवार, ३ मे
शिष्येशी अबोला. काय हवं ते चिठ्ठीवर लिहून देतो. दुपारी चिठ्ठ्यांचं पॅड संपलं. नवं कुठे ठेवलंय ते तिलाच ठाऊक, म्हणून विचारावं लागलं. अबोला उद्यापासून.

सोमवार, २२ मे
सापडलं! तीन आठवडे त्या गृहस्थाचं पीडीएफ आणि माझ्या फायली ओळीला ओळ लावून वाचतोय. खंड सात, पान एक्केचाळीस. रॅकची यादी नव्याने लावायची कमांड. कधी वापरायची वेळ आली नव्हती. माझ्या फायलीत एक, पीडीएफमध्ये भलतीच. म्हणजे नेटवरचा माल खोटा! साहेबांना म्हटलं, उद्या सगळ्यांसमोर करून दाखवतो.
शिष्या म्हणाली, सर, आधी मला एकटीला दाखवा ना. बरी टरकली.

मंगळवार, २३ मे
आज काही लिहायचं नाही.

बुधवार, २४ मे
बरं, लिहितो.
माझ्या फायलीतली कमांड दिली. यादी नव्याने लागली नाही. गेली. चाळीस हजार भाग, एकाचाही पत्ता नाही. बाहेर नऊ ट्रक खोळंबलेले, हॉर्नवर हॉर्न. फोरमन माझ्याकडे बघत होता ते आठवलं तरी घाम फुटतो. मी पान एक्केचाळीस पुन्हा वाचलं. मोठ्याने वाचलं. काही उपयोग झाला नाही.
शिष्येने पीडीएफ उघडलं आणि पानाच्या तळाची बारीक ओळ वाचून दाखवली: सुधारित पान, आधीचं काढून टाकावं. मग बॅकअपवरून अर्ध्या तासात सगळं परत आणलं.
त्याचं असं आहे. कंपनी चालू होती तेव्हा सुधारित पानांची पाकिटं पोस्टाने यायची. जुनी पानं काढा, नवी घाला. माझ्याकडे ती आहेत. चौदाच्या चौदा. कपाटाच्या खालच्या खणात, न फोडता. रिंग उघडताना बोट चिमटतं हो! एखाद्या सुटीत निवांत बसून घालणारच होतो.
साहेबांनी पाकिटं बाहेर काढायला लावली. एकेकावरचा पोस्टाचा शिक्का वाचला. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.
माणसं दगा देतात, ठाऊक होतं. पण त्या फायलींवर मी सत्तावीस वर्षं डोळे मिटून विश्वास टाकला. छापील पानाने असं वागावं? फार लागलं मनाला.

शुक्रवार, ३० जून
निरोप समारंभ. पुष्पगुच्छ, भाषणं. साहेब म्हणाले, गरज पडली तर नक्की बोलावू. मुदतवाढीचं पत्र माझ्या टेबलावर ठेवलं असेल म्हणून दोनदा जाऊन बघितलं. टाइप व्हायचं राहिलं असावं. शिष्या रडली. मी विरघळलो नाही.
फायली घरी नेऊ का विचारलं. साहेब म्हणाले, अवश्य न्या, तेवढीच जागा होईल. टॅक्सी करून आणल्या. बायकोने दारातच विचारलं, थोरलीला तिथेच ठेवून तिचा संसार तेवढा उचलून आणलात होय?

शनिवार, १ जुलै
फोन येणारच. पहिलं वाक्य पाठ केलंय: मुदतवाढीचं पत्र हातात पडल्याशिवाय मी एक अक्षरही बोलणार नाही. बायकोला शिष्या व्हायला लावून सराव केला. दोनदा उत्तम जमलं. तिसऱ्यांदा नाही म्हणाली, भाजी करपत होती.

रविवार, २ जुलै
फोन नाही. सुटीच आहे, कोण करणार. रिसीव्हर नीट ठेवलाय ना, एवढं चार-पाचदा पाहिलं.

सोमवार, ३ जुलै, सकाळी ९:१०
आला! शिष्येचाच. रडकुंडीला आलेली. सर, मशीन सुरूच होत नाहीये, पीडीएफ पालथं घातलं, मजकुरात शोधलं, कुठेच काही नाही, साडेनऊला ट्रक लागतील.
मी घसा खाकरला. वाक्य आठवलं. आणि म्हटलं, अगं, सोमवारी ती असंच करते. दोन दिवस बंद राहून गारठते. बटण दाब आणि तशीच राहू दे. पंख्याचा आवाज खाली उतरला की बंद कर, शंभर मोज, मग चालू कर.
झाली चालू. फोनमधून मला ऐकू आलं. मी चक्क टाळी वाजवली.
हे कुठल्याही मॅन्युअलमध्ये नाही. चौदा पाकिटांत नाही, त्या क्लबवाल्याकडेही नसणार. सत्तावीस वर्षं दर सोमवारी साडेआठलाच जाऊन मी हे करत आलो, आणि मला वाटायचं आपण वक्तशीर आहोत. साहेबांना माझ्या दारात उभं करायला हे एवढं पुरेसं होतं. माझ्याकडे ते आहे, हे मलाच माहीत नव्हतं.
शिष्या म्हणाली, थांबा सर, फाइलमध्ये टाइप करून ठेवते, म्हणजे पुन्हा तुम्हाला त्रास नको. मी सावकाश सांगितलं. तिने वाचून दाखवलं. एके ठिकाणी चुकली होती, ते सुधारून दिलं. सगळं मिळून चार मिनिटं.
ती फोन ठेवेल असं वाटलं म्हणून घाईघाईने विचारलं, अजून काही?
नाही सर, म्हणाली, एवढंच होतं.