गाडी तापली आणि आबा बोलले

अक्का, गेल्या महिन्यात आबा तुझ्याबद्दल बोलले. सगळं गाव तुला अक्का आणि त्यांना आबा म्हणे, म्हणून आम्ही पोरंही आईवडिलांना तसंच म्हणत आलो, पण तू गेल्यापासून घरात तो शब्द निघाला की आबा उठून बाहेर जायचे. इतकी वर्षं हेच. मला धास्ती वाटायची की हे असेच मुकाट राहणार आणि एक दिवस तसेच जाणार.

एरंडोलच्या शाळेत शिकवायला जाता यावं म्हणून तू जुनी गाडी घेतलीस, तेव्हा सगळ्यात जास्त टिंगल त्यांनीच केली होती. अजून डोळ्यांपुढे येतं, रोज चहाआधी तू बॉनेट उघडतेस, ऑइलची पट्टी काढून फडक्यानं पुसतेस, पुन्हा आत घालून बघतेस. मला हाक मारतेस, "इंजिन थंडं शे, बठ्ठं तेल खाले उतरेल शे, आते देख." रात्रभरात सगळं तेल खाली उतरतं, तेव्हाच माप खरं. ओट्यावरून आबा धार काढण्यावरून चिडवतात, "म्हैस दोही ऱ्हायनी का?" गाडी सुरू होताच मी रेस दिली की तुझी चापट ठरलेली. "आते उठनी ती, जरा दम धर."

गेल्या महिन्यात त्यांचे गुडघे दाखवायला धुळ्याला निघालो होतो. पारोळ्याच्या पुढे भर उन्हात तापमानाचा काटा चढला. मी गाडी कडेला घेऊन बंद केली. आबा उतरले, बॉनेटपाशी आले आणि म्हणाले, "तुनी माय अशी येळले काय करे?"

मी म्हटलं, "गाडी निवेपर्यंत रेडिएटरच्या झाकणाला हात लावू देत नसे."

"आखो काय सांगे?" त्यांनी आणखी विचारलं.

गाडी निवली, पाणी भरलं, निघालो. धुळ्यापर्यंत मी सांगत होते आणि ते ऐकत होते. तेव्हापासून रोज विचारतात. तुझं सगळं सांगून संपलं, तेव्हा एअर फिल्टरमधली धूळ झटकायची, हे जळगावच्या गॅरेजवाल्यानं सांगितलेलं मी तुझ्या नावावर खपवलं.

आज सकाळी तर मी कहरच केला. म्हटलं, "अक्का सांगायची, गाडी सुरू करण्याआधी आबांनी बीपीची गोळी घेतली का बघ." तुझ्या वेळी त्यांना बीपी नव्हतंच. आबांनी निमूट गोळी गिळली.

"हां. सांगे ती," म्हणाले. "माले याद शे."

रागावू नकोस. हे पत्र मी फाडून टाकणार आहे. आबा अजून चष्म्याशिवाय वाचतात, आणि उद्याही मला तुझ्या तोंडी काहीतरी घालायचं आहे.