घरटी एक काठी

प्रिय ललित,

अक्षर पाहून हसू नकोस, डाव्या हातानं लिहितोय. पायरीवरून पडलो नि उजवा हात मोडला, असं मी तुला फोनवर सांगितलं होतं. तूर्त तेच खरं धर.

गावची चावडी दुरुस्त करायचं काम तुझ्याच ऑफिसला मिळालं, हे ऐकून ऊर भरून आला रे! दारावर पाटी लावायचीय, इतिहास पाठवा, म्हणालास. सरपंचाला विचारू नकोस. खाली दगड, वर सागवान, इंग्रजाच्या वेळची, याच्या पलीकडे त्याला ओ की ठो कळत नाही. मी तीस वर्षं तिथं कोतवाल होतो. माझ्याकडून घे.

तिथली घंटा तू पाहिलीयस. ती वाजली की घरटी एक माणूस काठी घेऊन धावायचा. चोर सापडला, तर आलेल्या प्रत्येकानं एक तरी काठी मारायचीच, मग तो म्हातारा असो की मास्तर. का, माहितेय? सगळ्यांनीच मारलं की साक्षीदार कुणी उरत नाही. पहिली काठी घंटा वाजवणाऱ्याची. तरुणपणी मला हा नियम लय भारी वाटायचा. जळो ती अक्कल!

तुझ्या जन्माच्या आदल्या वर्षी कांदा काढायला पेठकडच्या डोंगरातले मजूर आले होते, चावडीच्या पडवीतच राहायचे. त्यातला एक बहिरू. बाजाराचा दिवस, भर दुपार. माळ्यावर देवीचे चांदीचे मुखवटे ठेवलेले, आणि हा माळ्यावरून उतरतोय, काखेत गाठोडं. मी विचारलं नाही, पाहिलं नाही. सरळ घंटा ओढली.

पहिली काठी मी मारली, ललित. गुडघ्यावर. तो खाली बसला, गाठोडं पोटाशी धरलं आणि नुसता ‘नागली हाय, नागली हाय’ म्हणत राहिला. मग भिकन आला, रंगनाथ मास्तर आले, एकेक येत गेले. कवटी फुटली तो आवाज अजून माझ्या कानात आहे. तो मेला तेव्हा सहा-सात जण मारायचे राहिले होते. त्यांनी मेलेल्याला मारलं. नियम म्हणजे नियम! मग मी गाठोडं सोडलं. आत नागलीचं, म्हणजे नाचणीचं पीठ, रक्तानं भिजून लगदा झालेलं. डोंगरातली माणसं उंदीर-कुत्र्यांच्या भीतीनं पीठ खाली ठेवत नाहीत, आढ्याला टांगतात, हे आमच्यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं. मुखवटे होते तिथेच होते.

माळ्यावरून पडला, असं आम्ही सगळ्यांनी सांगितलं. त्याची बायको अंबूबाई तान्ही पोर पाठीशी बांधून आली. तिला वर हेही ऐकवलं, की तुझा नवरा चोर होता. तिनं गाठोड्याचं फडकं तेवढं मागितलं. त्या फडक्यानं मी फरशी पुसली होती. धुऊन दिलं.

आता हाताचं सांगतो. गेल्या सोमवारी मोबाइलवर पोरं पळवणाऱ्या टोळीचं काहीतरी आलं, आणि लोकांनी भांडी विकणाऱ्या एका परक्या माणसाला चावडीत धरून आणलं. घंटा राकेशनं वाजवली. होय, तुझ्या धाकट्या भावानं. मी धावलो, ओरडलो, शिव्या घातल्या. कुणी ऐकेना, तेव्हा त्या माणसाच्या अंगावर आडवा पडलो. पहिली काठी राकेशची होती. खाली बाप आहे हे त्याला दिसत होतं, तरी मारली. माझं हाड मोडलं. बाकीचे तरीही थांबले नाहीत, पोलिसांची गाडी आली तेव्हा थांबले. त्या माणसाचा एक डोळा गेला. नाशिकला दवाखान्यात आहे बिचारा. गावानं ठरवून टाकलंय, दोघंही पायरीवरून पडले. राकेश रोज माझ्या पायाशी बसून रडतो आणि आपल्या हातानं मला भरवतो. फोनही तोच लावून देतो, म्हणून हे पत्र.

येत्या सोमवारी मी पोलीस ठाण्यात जबाब देणार आहे. आधी बहिरूबद्दल, माझ्या नावानिशी. मग राकेशबद्दल. या गावात एक तरी साक्षीदार असू दे. पण पोटच्या पोराचं नाव घेताना जीभ जड होईल रे माझी. तू शेजारी उभा राहा. अडवायला येणार असशील, तर येऊच नकोस. पाटीवर फार काही लिहू नकोस. बहिरूला इथं आम्ही मारलं, तो चोर नव्हता, एवढंच लिही. आणि घंटा उतरव.

तुझाच, आणि राकेशचाही,
अण्णा